अडकलेला रिफंड आणि भोसरी-चाकणची माणसं

भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपचे हिशेब सांभाळणं हे माझं काम. त्याच ओघात तळवडे, कुरुळी, महाळुंगे या भागांतल्या कामगारांचं आयकर रिटर्न भरण्याचं कामही माझ्याकडे येऊ लागलं. इथली घरं पगाराची तारीख आणि हप्त्याची तारीख यांच्या मध्ये उभी असतात. तीस-चाळीस हजारांचा रिफंड अडकला की मुलाची फी, गावाकडचं घर, मशीनचा हप्ता यांपैकी काहीतरी पुढे ढकललं जातं. तरीही बहुतेक जण गप्प बसतात. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आपल्या अंगात इतकी मुरली आहे की स्वतःचा कापलेला पैसा मागायलाही संकोच वाटतो. माझा अनुभव सांगतो की रिफंड बहुतेक वेळा एका ठरावीक जागी अडकलेला असतो, ती जागा शोधता येते आणि पुष्कळदा तिथलं कुलूप आपल्यालाच उघडता येतं.

१. पोर्टलवर काय लिहिलंय ते आधी वाचायचं

"ताई, रिफंड कधी येणार?" या प्रश्नावर मी तारीख सांगत नाही. आधी लॉगिन करायला लावते. 'रिटर्न भरलं' या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. रिटर्न भरलं, पण ई-व्हेरिफाय केलंच नाही. व्हेरिफाय झालं, पण बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात तपासणी बाकी आहे. तपासणी होऊन रिफंड मंजूर झाला, पण बँकेतून परत गेला. किंवा मंजूर झाला आणि जुन्या थकबाकीत वळता झाला. चारही वेळा खात्यात काहीच दिसत नाही, उपाय मात्र चार निराळे आहेत.

पहिला प्रकार आपल्या भागात फार. व्हेरिफिकेशनची मुदत आधी १२० दिवस होती, ऑगस्ट २०२२ पासून ती ३० दिवसांवर आली. आधारचा ओटीपी गावाकडच्या जुन्या नंबरवर जातो, तो सिम कधीच बंद पडलेला असतो, आणि रिटर्न तसंच पडून राहतं. व्हेरिफाय न झालेलं रिटर्न कायद्याच्या दृष्टीने भरलेलंच नसतं. ओटीपी येत नसेल तर नेटबँकिंगमधून व्हेरिफाय करता येतं, नाहीतर सही केलेली पोचपावती टपालाने बंगळुरूला पाठवता येते. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज पोर्टलवरच आहे.

२. वाट किती बघायची याला कायद्यात उत्तर आहे

ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते वर्ष संपल्यापासून नऊ महिने, ही प्रक्रियेची कायदेशीर मुदत. २०२४-२५ च्या उत्पन्नाचं रिटर्न १६ सप्टेंबर २०२५ च्या वाढीव मुदतीत भरलं असेल, तर आयकर विभागाला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे. बरीच साधी रिटर्न काही आठवड्यांत निकाली निघतात, त्यामुळे शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा रिफंड आला आणि आपला नाही, याने जीव खालीवर होतो. पण दोन रिटर्न कधीच सारखी नसतात. एकाला फक्त पगार असतो, दुसऱ्याला पगार, एफडीचं व्याज आणि शेअर विक्री. स्टेटस 'अंडर प्रोसेसिंग' असेल आणि दुसरं काही अडलेलं नसेल, तर रोज पोर्टल उघडून काही हाती लागत नाही. महिन्यातून एकदा बघावं, ईमेल मात्र रोज बघावा, कारण विभागाचा प्रश्न तिथे येतो आणि त्याच्या उत्तराला मुदत असते.

३. जॉबवर्कवाल्याचा एक टक्का हे त्याचं खेळतं भांडवल असतं

नोकरदाराच्या रिफंडवर सगळे बोलतात. जॉबवर्क करणाऱ्याच्या रिफंडवर कुणी बोलत नाही, म्हणून इथे थोडं थांबते.

चाकणच्या मोठ्या कारखान्याचा एक व्हेंडर असतो. त्याच्याकडून कास्टिंग भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये येतं, दोन व्हीएमसी यंत्रांवर मशीनिंग होतं आणि माल चलनावर परत जातो. बिल मजुरीचं. त्यावर कलम १९४सी खाली व्हेंडर टीडीएस कापतो, मालक एकटा असेल तर एक टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर दोन टक्के. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर कपात मूळ मजुरीवरच व्हायला हवी, ते प्रत्येक बिलाला तपासावं.

आता आकडा मांडू. वर्षाला साठ लाखांची मजुरी, सगळी बँकेतून आलेली. एक टक्क्याने साठ हजार कापले गेले. कलम ४४एडी खाली बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा धरला तर उत्पन्न ३ लाख ६० हजार. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत यावर कर शून्य. म्हणजे पूर्ण साठ हजार परत मिळायचे. एप्रिलमध्ये कापलेला रुपया पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात परत आला तर दीड वर्ष तो पैसा मालकाच्या हातात नव्हता. त्या काळात टूल, इन्सर्ट, कुलंट आणि वीजबिल यांसाठी त्याने कॅश क्रेडिटवर व्याज भरलेलं असतं. आधीच व्हेंडरचं पेमेंट तीन-तीन महिने लांबलेलं, त्यात हे.

यावर खरा उपाय रिफंड वेगाने मागण्याचा नाही. मुळात कपात कमी व्हावी यासाठी कलम १९७ खाली फॉर्म १३ भरून कमी दराच्या टीडीएसचं प्रमाणपत्र मागता येतं. अर्ज ऑनलाइन होतो, मागच्या वर्षांची रिटर्न आणि चालू वर्षाचा अंदाज द्यावा लागतो. ज्यांना दरवर्षी पूर्ण टीडीएस परत मिळतो, त्यांनी आर्थिक वर्ष सुरू होताच हे करावं, कारण प्रमाणपत्र मिळण्याआधी कापलेल्या रकमेला ते लागू होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, तेव्हा नव्या वर्षाचा अर्ज करताना नवा क्रमांक बघून घ्यावा. आधीच्या वर्षांची प्रकरणं १९६१ च्या कायद्यानेच चालतील.

४. कापला म्हणजे भरला असं नाही

व्हेंडरने बिलातून टीडीएस कापला. तो सरकारजमा करून तिमाही विवरणात तुमच्या पॅनवर दाखवला, तरच तो फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. जून, सप्टेंबर आणि डिसेंबरला संपणाऱ्या तिमाहींची विवरणं अनुक्रमे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारीपर्यंत, आणि मार्चची ३१ मेपर्यंत भरायची असतात. म्हणून मी जूनआधी कुणाचं रिटर्न घाईने भरत नाही. २६एएस अपुरा असताना भरलं तर मागितलेला टीडीएस आणि दिसणारा टीडीएस जुळत नाही आणि रिफंड कापला जातो.

न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत. पॅनमधलं एक अक्षर चुकलं. मार्चच्या बिलाचा टीडीएस कंपनीने एप्रिलमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षात दाखवला. किंवा कापलेला पैसा भरलाच नाही. पहिल्यासाठी कंपनीच्या अकाउंट्स विभागाकडून दुरुस्ती विवरण भरून घ्यावं लागतं. तिथे फोनवर बोलून भागत नाही. बिल क्रमांक, तारीख, कापलेली रक्कम असा तक्ता ईमेलने पाठवला की काम हलतं. दुसऱ्यात उत्पन्न आणि टीडीएस एकाच वर्षात दाखवावे लागतात, त्यासाठी टीडीएस रिटर्नमध्ये पुढे ओढता येतो.

तिसरं सगळ्यांत वाईट. लेबर कॉन्ट्रॅक्टरने पगारातून टीडीएस कापला, शेड बंद करून निघून गेला, आणि आता विभाग कामगाराकडे तोच कर मागतो आहे, अशी प्रकरणं माझ्याकडे आली आहेत. कायद्याचं कलम २०५ कामगाराच्या बाजूचं आहे. ज्या उत्पन्नातून कर कापला गेला, त्यावर तोच कर पुन्हा थेट मागता येत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ आणि ११ मार्च २०१६ ला अधिकाऱ्यांना तशा सूचनाही दिल्या आहेत. पण कपात झाली हे कामगाराला दाखवावं लागतं. पगार स्लिप जपून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते. व्हॉट्सॲपवर आलेली असेल तर त्याच दिवशी ईमेलवर टाकून ठेवा.

५. बँक खातं आणि नाव

चाकणमध्ये अकरा महिन्यांचा करार संपला की कामगार दुसऱ्या कंपनीत जातो, तिथे दुसऱ्या बँकेत पगाराचं खातं उघडतं आणि जुनं निपचित पडतं. पोर्टलवर मात्र जुनंच राहतं. रिफंड स्टेट बँकेमार्फत त्या खात्यावर जातो आणि परत येतो. २०१९ आणि २०२० मध्ये काही सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं, त्यांच्या शाखांचे आयएफएससी बदलले, तोही घोळ अजून निघतो. उपाय सोपा आहे. चालू खातं पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट करायचं, रिफंडसाठी नेमायचं आणि 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाकायची.

नावाचा घोळ जरा चिवट असतो. पॅनवर आडनाव आधी, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं, आधारवर लग्नानंतरचं नाव. बायकांच्या बाबतीत हे जवळजवळ ठरलेलं. व्हॅलिडेशन नापास झालं की आधी तिन्ही कागदांवरचं नाव एक करून घ्या, अर्ज नंतर. आणि पॅन आधारशी जोडलेलं आहे का तेही बघा. ३० जून २०२३ नंतर न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली. अशा पॅनवर रिफंड मिळत नाही, आणि निष्क्रिय असण्याच्या काळाचं व्याजही नाही.

६. वेतनकरार झाला, फरक मिळाला, फॉर्म १०ई राहिला

पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कारखान्यांत युनियन आणि व्यवस्थापन यांचा करार लांबतो. मग एके दिवशी सही होते आणि मागच्या दोन-तीन वर्षांचा फरक एकरकमी मिळतो. तो आनंद मी पाहिलेला आहे, गेटवर पेढे वाटले जातात. पण सगळा फरक एकाच वर्षात आला की कर चढतो. त्यावर कलम ८९ खाली सवलत आहे. फरक ज्या त्या वर्षाचा धरून कर काढायचा आणि जास्तीचा भार वजा करायचा.

ही सवलत घ्यायची तर रिटर्नआधी पोर्टलवर फॉर्म १०ई भरावा लागतो. कंपनीने फॉर्म १६ मध्ये सवलत दाखवली असली तरी हा फॉर्म कामगारालाच भरायचा असतो, आणि हे त्याला बहुधा कुणी सांगत नाही. १०ई नसेल तर प्रक्रियेत सवलत उडते, आणि ज्याला रिफंड यायचा त्याच्या हाती उलट मागणीपत्र येतं. करारानंतरच्या जून-जुलैत अशी माणसं घाबरून येतात. सुधारित रिटर्नची मुदत शिल्लक असेल तर १०ई भरून सुधारित रिटर्न द्यावं, नाहीतर १०ई भरून दुरुस्तीचा अर्ज करावा. माझी युनियनच्या पदाधिकाऱ्यांना मनापासून विनंती आहे की करारावर सही होते त्या आठवड्यात गेटवरच्या फलकावर १०ईची सूचना लावा. शेकडो घरांचा मनस्ताप वाचेल.

७. जुनी मागणी आणि कलम २४५

रिफंडऐवजी 'ॲडजस्टेड' असा शब्द दिसला तर तो जुन्या थकबाकीत वळता झालेला असतो. पण त्याआधी कलम २४५ खाली विभागाने आपल्याला सूचना द्यायची असते, आणि उत्तराला २१ दिवस मिळतात. या दिवसांत गप्प राहिलं तर मागणी मान्य धरली जाते. खूप जुन्या मागण्या टीडीएस न जुळल्याने तयार झालेल्या असतात. या प्रश्नाची दखल दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती आणि १४ मार्च २०१३ च्या निकालात विभागाला सविस्तर निर्देश दिले होते. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पाच्या वेळी छोट्या मागण्या माफ झाल्या, २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंत, आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या १० हजारांपर्यंत. तेव्हा सूचना आली की घाबरून 'मान्य' दाबू नका. मागणी कोणत्या वर्षाची, कशामुळे, पूर्वी भरली होती का, हे बघा आणि मान्य नसेल तर कारण व कागद जोडून तसं लिहा.

८. 'रिफंड काढून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर

हे मी तळमळीने लिहिते आहे, कारण यात कामगार बुडतो. कंपनीच्या गेटबाहेर, चौकातल्या चहाच्या टपरीवर एजंट भेटतो. रिफंडच्या रकमेत हिस्सा द्या, बाकी सगळं मी बघतो, म्हणतो. मग न दिलेलं घरभाडं, न केलेली राजकीय देणगी, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, घरात नसलेलं आजारपण रिटर्नमध्ये येतं. पोर्टलवर एजंट स्वतःच तयार केलेला ईमेल टाकतो, त्यामुळे पुढे आलेली नोटीस कामगाराला दिसतही नाही.

१४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींच्या टोळ्यांवर देशभर १५० ठिकाणी कारवाई केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संशयास्पद दाव्यांचे रिफंड रोखून धरल्याचे मेसेज लोकांना आले. चुकीची माहिती देऊन कर कमी दाखवला तर दंड त्या कराच्या दुप्पट होऊ शकतो, आणि तो कामगाराच्या पॅनवर लागतो. एजंट तोवर दुसऱ्या गेटवर गेलेला असतो.

खऱ्या रिफंडवरही याचा परिणाम होतो. खोटे दावे वाढले की चाळणी बारीक होते आणि प्रामाणिक माणसाचं रिटर्नही तिच्यात अडकतं. तुमचा दावा खरा असेल तर भाडेकरार, घरमालकाचा पॅन, पावत्या हाताशी ठेवा, प्रश्न आल्यावर त्याच दिवशी उत्तर द्या. आणि 'तुमचा रिफंड मंजूर झाला, लिंक दाबा' असा मेसेज आला तर लिंक दाबू नका. रिफंडसाठी विभाग कार्डाचा नंबर, पिन किंवा ओटीपी मागत नाही.

९. उशिराचं व्याज हा हक्क आहे

कलम २४४ए प्रमाणे दरमहा अर्धा टक्का. रिटर्न वेळेत भरलं असेल तर टीडीएसच्या रिफंडवर हे व्याज १ एप्रिलपासून धरतात, उशिरा भरलं असेल तर भरल्याच्या तारखेपासून. वरच्या उदाहरणातले साठ हजार डिसेंबरमध्ये आले तर नऊ महिन्यांचे २,७०० रुपये वर यायला हवेत. रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही. मिळालेलं व्याज पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचं असतं, रिफंडची मूळ रक्कम नाही.

१०. तक्रार लिहावी, थोडक्यात लिहावी

पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, केंद्र सरकारच्या सीपीग्राम्सवरही करता येते. रिटर्नची प्रक्रिया बाकी असेल तर तक्रार बंगळुरू केंद्राच्या नावे, जुन्या मागणीचा वाद असेल तर आपल्या अधिकारक्षेत्रातल्या अधिकाऱ्याच्या नावे. आपल्या भागातल्या अनेकांचं काम आकुर्डीच्या आयकर कार्यालयाशी असतं, पण जाण्याआधी पोर्टलवर पॅन टाकून आपला अधिकारी कोण ते बघावं, म्हणजे सुट्टी टाकून केलेली खेप वाया जात नाही. मजकुरात पॅन, वर्ष, पोचपावतीचा क्रमांक, भरल्याची तारीख, रक्कम आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक. अडचणींचं वर्णन नको. तक्रार न सोडवता बंद केली तर पुन्हा करावी, आधीचा क्रमांक देऊन. विनवणीचा सूर नको आणि भांडणाचाही नको.

११. कधी न मागितलेला रिफंड

कंत्राटी पोरं नोकरी सोडली की पीएफ काढतात. एकूण नोकरी पाच वर्षांहून कमी आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल तर दहा टक्के टीडीएस कापला जातो, पॅन नसेल तर वीस. वर्षभराचं उत्पन्न करपात्र नसतं, तरी कुणी रिटर्न भरत नाही. जालना, परभणी, यवतमाळहून आलेल्या मुलाला त्या कपातीचं नावही माहीत नसतं. आपल्याकडे हा पैसा मोठ्या प्रमाणात तसाच राहतो, अशी माझी खात्री आहे.

उशिराचं रिटर्न करनिर्धारण वर्षाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरच्या वर्षाच्या, ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. त्यानंतरच्या अपडेटेड रिटर्नने रिफंड मागता येत नाही. तरी एक दार उघडं आहे. कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज, आणि १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार तो करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो. उशिराचं खरं कारण द्यावं लागतं. आजारपण, घरातला मृत्यू, कंपनी बंद पडणं यांची कागदं जोडली तर अर्जाला वजन येतं.

असेच मागे राहिलेले रिफंड मिळवताना मी काही विधवांचीही कामं केली. नवरा शिफ्टवरून परतताना अपघातात गेला, रिफंड त्याच्या पॅनवर आणि खातं बंद. अशा वेळी पत्नीने स्वतःच्या पॅनने लॉगिन करून पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन, आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. कोर्टाचा वारसदाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून अनेक जणी इथेच थांबतात. पण स्थानिक महसूल अधिकाऱ्याने दिलेला हयात कुटुंबीयांचा दाखला, कुटुंब निवृत्तिवेतनाचा दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र, किंवा मृताच्या खात्याला नॉमिनी कोण होतं याचं बँकेचं पत्र, यांपैकी एक चालतं. बँकेचं पत्र सगळ्यांत लवकर मिळतं. नोंदणी मंजूर झाली की पत्नी त्याच्या वतीने रिटर्न भरू शकते, थांबलेला रिफंड पुन्हा मागू शकते, आणि रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात येते.